बाईंचे पाच, टेकचंदचे चार

"काऊन रे टेकचंद, आला नाही तं कामाला लागला पण?" वच्छलाबाई चहाचा कप ठेवत म्हणाल्या. "आधी चहा तं घे."

टेकचंदनं ओसरीवर सीपीयूचं झाकण उघडलं होतं. आत धूळ, धानाचा कोंडा आणि वाळलेली एक पाल. त्यानं ब्लोअर लावला तसा सगळा कचरा अंगणात उडाला.

"बाई, मागच्या महिन्यातच साफ केला होता जी."

"मंग मी का करू? बटन दाबली का दहा मिनिटं नुसता गोल फिरते. तोवर माझा भात शिजून होते."

टेकचंदचं गोंदियात कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. महिन्यातून एकदा बिरसीला बाईंकडे त्याची फेरी ठरलेली. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या, घरात एकट्या. मुलगा रूपेश पुण्यात. दर रविवारी चार वाजता त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. मोबाईलवर नात नखाएवढी दिसते म्हणून बाईंना कम्प्युटरच लागायचा.

भिंतीवर निरोप समारंभाच्या फोटोशेजारी बाईंचं एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट लटकत होतं. ते पाहून टेकचंदला दरवेळी हसू यायचं. पगारवाढ अडते म्हणून कितीतरी मास्तरांनी तो कोर्स रडतखडत उरकला होता. बाई तर अजून माऊसला उंदीर म्हणायच्या.

कम्प्युटर टेबलावर जोडून त्यानं ती यादी उघडली. मशीन सुरू होतानाच जे प्रोग्राम आपोआप उघडतात, त्यांची. ते जितके जास्त, तितकं मशीन रडतं. नऊ चालू होते.

नऊ? टेकचंदनं डोकं खाजवलं. मागच्या खेपेला जाताना त्यानं तर चारच चालू करून ठेवले होते.

हो, त्यानंच. आता लपवायचं काय! दर महिन्याला तो मशीन साफ करायचा आणि निघता निघता नको ते चार प्रोग्राम चालू करून द्यायचा. पंधरा-वीस दिवसांत बाई वैतागून फोन करायच्या. पैशाचा लोभ नव्हता त्याला. तीन वर्षांपूर्वी बायको गेली, लेक रायपूरला सासरी. दुकानात येणारे 'भैया, कब तक होगा?' एवढंच विचारत. 'जेवला का रे?' असं विचारणारं घर अख्ख्या जिल्ह्यात हे एकच उरलं होतं. बरं केलेलं मशीन आपल्याच हातानं आजारी पाडायचं, याची लाज वाटायची त्याला. पण बोट तिकडंच जायचं.

'पाच विंडोजनं आपल्या मनानं टाकले असतील,' त्यानं स्वतःची समजूत घातली.

"रूपेश चिडून राहिला," बाई म्हणाल्या. "मागच्या रविवारी कॉल तीनदा अडकला. खुशी 'आजी' म्हणाले गेली अन् तिचं तोंड उघडंच राहिलं बिचारीचं. आज अडकला तं नवीन लॅपटॉप पाठवतो म्हणे. बिघडला का कंपनीचाच माणूस येईल."

टेकचंदचा हात थांबला. लॅपटॉप आला की त्याचं येणं संपलं. आणि हा कम्प्युटर खरोखर नीट केला, तरी संपलंच. इकडे आड, तिकडे विहीर!

डोक्यावरून बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ वैमानिकाचं विमान घरघरत गेलं. टेकचंदच्या डोळ्यांपुढून त्या पोरीचं उघडं तोंड हलेना. अरे, आपल्या दोन घासांपायी म्हातारीची नात अडकवली आपण!

त्यानं नऊच्या नऊ बंद केले. नको त्या फाइली पुसल्या. मशीन बंद करून पुन्हा लावलं, तर अर्ध्या मिनिटात उघडलं.

"झाला जी बाई. आता दोन-तीन वर्षं पाहाचं काम नाही."

बाईंनी चहाचा रिकामा कप उचलला. मग म्हणाल्या, "जेवून जा."

लाखोळीचं वरण होतं, भात होता. तो नेहमीपेक्षा हळू जेवला. निघताना पहिल्यांदाच बाईंच्या पाया पडला.

"काऊन रे, परदेशात चालला का?"

"नाही जी. असंच."

मोटरसायकलचा आवाज विरेपर्यंत बाई दारात उभ्या होत्या.

चार वाजता कॉल झटक्यात लागला. खुशीनं शाळेतलं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, एकदाही न अडकता.

"आई, झकास चाललाय की!" रूपेश म्हणाला. "मग लॅपटॉप नको ना?"

"नको रे बाबा. टेकचंदनं एकदम बेस केला."

कॉल संपला आणि घर पुन्हा गप्प झालं. बाईंनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली, माऊस हातात घेतला आणि यादी उघडली. नऊच्या नऊ बंद. एकही ठेवून गेला नाही मेला!

पुढच्या रविवारी कॉलच्या आधी सगळे बंद करायचे, मागच्यासारखं विसरायचं नाही, असं बाईंनी मनाशी बजावलं. मग त्यांनी आपले नेहमीचे पाच चालू केले. आणि या खेपेला त्याचे चारही.