अभिनवचा सत्कार

"कोणाकडे पाहू नको," विनोदिनी मुलाच्या केसांतून कंगवा फिरवत म्हणाली. "खालीच पाहजो. टाळ्या वाजल्या तं कानावर हात ठेवजो, कोणी काही म्हणत नाही. अन् काही विचारलं तं मी बोलीन."

"हव."

"भेव नको. मी बाजूलेच आहो."

फाटकाशी सत्काराच्या आयोजकांची गाडी उभी होती. रायपुरातल्या शंकर नगरच्या त्या गल्लीत अशी गाडी पहिल्यांदाच आली होती. विनोदिनीनं घाईनं दार ओढून घेतलं.

अभिनवला चित्रकला कोणी शिकवली नव्हती. लहानपणी त्यानं स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं कुकर काढला, शिट्टीसकट. मग रंग आले, आणि बादली, झाडू, तवा, सांडशी. माणूस कधीच नाही. पण एका बाजूनं झिजलेली चप्पल त्यानं काढली, तेव्हा बापाचं लंगडत चालणं त्यात दिसलं. नवरा शालिग्राम वारला, त्यानंतर पाठोपाठच्या दोन पोरांचं विनोदिनी एकटीच पाहत होती.

मागच्या साली भंडाऱ्याच्या एका लग्नात बँड वाजला आणि अभिनव मांडवातच लोळून किंचाळला. "पागल पोट्टा," कोणीतरी म्हणालं. विनोदिनी ते विसरली नव्हती. चित्रांचे फोटो तिनंच आयोजकांना पाठवले. तिकडे मांडायला भिंतीवरून चित्रं उतरवली तेव्हा अभिनव दोन दिवस जेवला नाही.

"एकदा नाव झालं का मंग कोणी पागल नाही म्हणणार," ती तेव्हा म्हणाली होती.

नव्या रायपूरच्या सभागृहात मंजिरी दारातच उभी होती. कार्यक्रम तिचाच, आजवर बोलणं फक्त फोनवर झालं होतं.

"काकू, धाकटा नाही आला?"

"परीक्षा आहे त्याची."

मंजिरी वाकली. "अभिनव, मी मंजिरी. तुझी चप्पल मला फार आवडली."

मुलानं पायांकडे पाहिलं. विनोदिनी त्याच्या वतीनं बोलायला लागली.

"राहू द्या, काकू. समजतं मला," मंजिरी म्हणाली.

मंचावरून नाव पुकारलं. तो उठला नाही. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा विनोदिनीनं त्याचं कोपर दाबलं.

टाळ्या कडाडल्या आणि त्यानं कानांवर हात ठेवले. मंजिरीनं खूण केली. टाळ्या थांबल्या. मग सारं सभागृह हात वर करून नुसतं हलवत राहिलं, आवाज न करता. पुढच्या रांगेत लोक डोळे पुसत होते. खांद्यावर शाल आली तरी त्यानं मान वर केली नाही.

खाली उतरल्यावर एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन आली. "मेरा बेटा भी बोलता नहीं, भैया," ती म्हणाली. "आज आपको देखा तो हिम्मत आ गई." आणि तिनं त्याचा हात धरला.

त्यानं चटका बसल्यासारखा हात ओढून घेतला.

"माफ करना, बेटा. छूना नहीं था मुझे."

विनोदिनीनं त्याला पटकन बाजूला घेतलं.

परतताना तेलीबांध्याच्या चौकात गाडी अडकली. मुलगा खिडकीकडे तोंड करून रडत होता. विनोदिनीनं पदरानं त्याचे गाल पुसले.

"झालं न आता. झालं."

"दीदी, भैया को भगवान ने हुनर दिया है," ड्रायव्हर आरशात पाहत म्हणाला. "ऐसे बच्चों में छल-कपट नहीं होता."

विनोदिनीनं मुलाच्या खांद्यावरची शाल काढून घडी घातली.

घरापाशी उतरल्यावर गाडी वळेपर्यंत ती फाटकाशी हसत उभी होती. गाडी दिसेनाशी झाली तशी ती मुलाकडे वळली.

"डोळे पूस, शेखर," ती म्हणाली. "अन् जा, तुह्या दादाच्या खोलीची कडी काढ."