‘ळ’ न येणारी ताई

प्रयोग आज संपणार होता. अर्ध्या वर्गाच्या टॅबमधली ‘ताई’, म्हणजे बोलणारी एआय शिक्षिका, अचूक बोलायची; उरलेल्यांच्या ताईला, ती घडवणाऱ्या मृण्मयीनं मुद्दामच ‘ळ’ शिकवला नव्हता. आता सगळ्यांना अचूक ताई द्या, असा वरून आदेश आला होता.

ती गार्गीचा टॅब घ्यायला वाकली. ‘शाला’, ‘फला’ म्हटलं की मुलं हसायची, म्हणून वर्गात तोंडच न उघडणारी ही मुलगी. तिनं टॅब पोटाशी घट्ट धरला.

“दे बाळा, हिला ‘ळ’ येत नाही. नवी ताई देते.”

“मुळीच नाही!” गार्गी ठणकावून म्हणाली. “जीभ कशी वळवायची ते मी शिकवतेय तिला. शाळा सुटायच्या आत ‘कमळ’ म्हणायला लावते की नाही, बघा!”

मृण्मयी ऐकतच राहिली. एकही ‘ळ’ घसरला नव्हता.

तिनं हात मागे घेतला. “चालू दे तुमची शाळा. वरच्यांना काय सांगायचं, ते मी बघते.”