पायरी

अप्पाराव सरांनी चिमट्यानं करुणाचा स्फटिक डबीतून उचलला आणि त्या जागी दुसराच ठेवून दिला. दोन्ही रेतीच्या खड्याएवढे, दोन्ही जांभळट. फरक आत होता. करुणाच्या स्फटिकातले अणूंचे इवलेसे चुंबक त्रिकोणांत अडकलेले. कुणी कुणीकडं तोंड करायचं, याचा त्यांचा मेळच बसत नाही. द्रवरूप हेलियमनं आणलेल्या कडाक्याच्या थंडीत बाहेरून चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं, की एका ठिकाणी ते सगळे एकदम वेगळीच रचना धरतात आणि आलेखात पायरी उमटते, असं करुणाचं म्हणणं. दुसरा स्फटिक साधा होता. त्यात पायरी उमटणं शक्यच नव्हतं.

हीच पायरी सरांनी स्वतः दोन वर्षं शोधली होती. मिळाली नव्हती. आणि चितेगावहून बसनं येणाऱ्या या पोरीला ती काही महिन्यांत मिळावी? तीही इतकी स्वच्छ, पट्टी लावून काढल्यासारखी? त्यात जुना संशोधक प्रणय कानाशी लागला होता, "सर, ती दार लावून मोजमाप घेते. मी गेलो की गप होते."

"पेपर पाठवायच्या आधी एकदा परत मोज," सर करुणाला म्हणाले. आवाज मुद्दाम मऊ ठेवला. ती डबी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ती सरांकडं आलेख घेऊन आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. फोन उचलेना. सरांनी प्रयोगशाळेच्या काचेतून डोकावलं, तर दार बंद आणि ही कॉम्प्युटरवर वाकलेली. त्यांची खात्रीच पटली. पोरगी आलेखात खोटी पायरी बसवतीय! विभागप्रमुखांपुढं काय बोलायचं, तेही त्यांनी मनात जुळवून ठेवलं.

मग ती आली. डोळे सुजलेले. टेबलावर तिनं आलेख ठेवला. रेघ संथ चढत गेली होती. पायरीचा पत्ता नव्हता.

"नाय येत, सर. हेलियम संपेपर्यंत परत परत बघितलं. आधी दिसली ती माझीच काहीतरी चूक असंल. पेपर नका पाठवू."

सर त्या रेघेकडं बघतच राहिले. खोटंच करायचं असतं तर तिला कितीसा वेळ लागला असता? त्यांना मान वर करवेना.

"तुझी चूक नाही, करुणा," ते कसेबसे म्हणाले. "तो खडा तुझा नव्हता. मी बदलला होता. तुझी पायरी खरी असणार, बाळ."

ती हसेल, निदान रडेल तरी, असं त्यांना वाटलं. घाईघाईनं खण उघडून त्यांनी दुसरी डबी तिच्यापुढं धरली.

"हा घे तुझा."

करुणाचा हात पुढं आला नाही. तिनं डबीकडं बघितलं, मग सरांकडं.

"हा तरी माझाच कशावरून, सर?"