अर्धवट प्रती

“पुसा ना सगळं! पाहत काय बसल्या?” उत्तमराव सर्व्हर रूमच्या दारातूनच ओरडले.

अदितीने माऊसवरचा हात उचलला. अकोल्याच्या या पॅथॉलॉजी लॅबची डिस्क काठोकाठ भरली होती. सकाळपासून एकही रिपोर्ट सेव्ह होत नव्हता. बाहेर माणसं काउंटरवर भांडत होती. लॅबच्या अमरावतीच्या मुख्य ऑफिसने कॉम्प्युटरचं काम पाहणाऱ्या अदितीला मिळेल त्या बसने पाठवलं होतं.

डिस्क खाल्ली होती ती बॅकअपच्या अर्धवट प्रतींनी. संध्याकाळी लॅब बंद झाली की घरमालक अख्ख्या इमारतीचा मेन स्विच पाडायचा, म्हणून इथला बॅकअप दुपारच्या सुट्टीत चालायचा. प्रत पूर्ण झाली की बाहेरून जोडलेल्या डिस्कवर जायची आणि इथली आपोआप पुसली जायची. मध्येच तुटली की अर्धी इथेच पडून राहायची. गेले कित्येक दिवस ती रोज तुटत होती.

“बाहेरच्या डिस्कचा प्लग कोणीतरी काढतंय,” अदिती म्हणाली.

“कोन काढते ते सांगा फक्त. आजच घरी बसवतो त्याले.” उत्तमराव लॅबचे मॅनेजर. डॉक्टरांनी फोनवर झापलेलं त्यांच्या कानात अजून गरम होतं.

पुसण्याआधी बाहेरच्या डिस्कवर एक तरी धड प्रत हवी होती. नसेल आणि चुकीची फाइल गेली, तर हजारो माणसांचे रिपोर्ट गेले. अदिती एकेक तारीख ताडून पाहत खाली गेली. अर्धवट, अर्धवट, अर्धवट. आणि एकच दिवस पूर्ण.

“पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे काय होतं?”

“काय राहते? मीच बसलो काउंटरवर दिवसभर. काउंटरवरची आचल सुट्टीवर, तिच्या पोरीचा पहिला तान्हा पोळा होता म्हणे. दात नाही आले पोरीले, अन् लाकडाचा बैल पाहिजे!” ते स्वतःच हसले आणि भांडण मिटवायला बाहेर गेले.

अदिती हसली नाही. ती उठून रॅकच्या मागे गेली. भिंतीत एकच सॉकेट. खाली एक स्टूल. खिळ्याला धुतलेली ओढणी. आणि दाराला आतून कडी. बाथरूम सोडलं तर अख्ख्या लॅबमध्ये कडीची खोली ही एवढीच होती.

सुट्टी झाली तशी आचल आत आली. अदितीला पाहून ती दारातच थिजली. तिच्या पिशवीतून दूध काढायच्या पंपाची वायर लोंबत होती.

“मॅडम, सायबाले नका सांगू जी,” ती म्हणाली. “बाथरूममंदी जीव नाही होत. पोरगी पिते ते दूध तिथं कसं काढू… अन् भरून आलं का सहन होत नाही. तो प्लग मले चार्जरचा वाटला.”

तिच्या कुडत्यावर पुढे ओला डाग उमटत होता. तो झाकायला तिने पिशवी छातीशी धरली.

अदिती खुर्चीवर बसली. ती एक पूर्ण प्रत उघडून तपासली. मग अर्धवट प्रती पुसल्या, सगळ्या. बाहेरून कोणीतरी ओरडलं, “झाला, सेव्ह झाला!” तिने आणखी एक गोष्ट केली. बॅकअपची वेळ सुट्टीतून काढून नंतरच्या चहाच्या वेळेवर ढकलली. एका कागदावर मार्करने काहीतरी लिहिलं, आचलसाठी स्टूल पुढे सरकवलं आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं.

उत्तमराव काउंटरवरून आलेच. “कोन होतं मंग?”

“माणूस बदलू नका, बोर्ड बदला. एका सॉकेटवर या खोलीचं भागत नाही.”

“अन् तोवर?” त्यांनी दाराच्या मुठीकडे हात नेला.

अदितीने त्यांच्या हातासमोरच कागद चिकटवला.

‘दुपारच्या सुट्टीत बॅकअप सुरू असतो. दार उघडू नये.’