सहा वर्षं पूर्ण

टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा करून ताई एकट्याच जिना चढून आल्या. घरी येऊन मुलांना शिकवणाऱ्या या सरकारी बाईंना सगळे ताईच म्हणत. एरवी त्या मंगळवारी यायच्या. आज शुक्रवार होता, आणि हातात खेळण्यांच्या पिशवीऐवजी कागद होता.

दार उघडंच होतं. खिडकीपाशी पिटुकली आपल्या खुर्चीत बसून आईच्या हातून जेवत होती. खुर्ची सरकारी योजनेतली. मानेला दोन्ही बाजूंनी उशा, छातीवर पट्टे, पुढे लाकडी फळी. पिटुकलीची मान ठरत नसे, पाठ सरळ राहत नसे. पण या खुर्चीत बसलं की घास नीट उतरायचा, हात मोकळे व्हायचे आणि खालचा रस्ता दिसायचा. ताईंना बघताच तिनं दोन्ही हात फळीवर धाडधाड आपटले. बोलता येत नव्हतं तिला. हेच तिचं 'या'.

"आज कशा काय?" आईनं विचारलं.

"परवा वाढदिवस झाला ना हिचा?"

"हो, सहावा..." आई म्हणाली आणि तिथंच अडखळली.

"सहा पूर्ण झाली, आता ती शाळेच्या खात्यात गेली. आमची खुर्ची परत न्यावी लागते."

"आणि शाळेची?"

"अर्ज गेलाय."

"कधी येईल?"

तारीख सांगायची नाही, हे ताई नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकल्या होत्या. त्या कागदाची घडी घालत राहिल्या.

"म्हणजे परवापर्यंत खुर्ची लागत होती, आणि मेणबत्ती विझवल्याबरोबर पाठीत बळ आलं?" आईचा आवाज चढला. "साहेबांना सांगा की. दोन महिने राहू द्या म्हणावं."

"सांगितलं हो. दोनदा लिहून दिलं," ताई म्हणाल्या. "यादीत पुढे एक मुलगा आहे. आठ महिने वाट बघतोय. त्याची आई रोज फोन करते."

आईनं विचारलं, "केवढा आहे?"

"दोन वर्षांचा."

"म्हणजे त्याच्याकडे अजून चार वर्षं आहेत."

ताई खुर्चीकडे वळल्या.

"हिचं जेवण तरी होऊ द्या," आई म्हणाली.

ताई जमिनीवर बसून राहिल्या. आई अगदी लहान लहान घास करत होती. वाटी रिकामी झाली, तरी चमचा तळाशी फिरतच राहिला. शेवटी तिनं पट्टे सोडले आणि मुलीला उचललं. काहीतरी नवा खेळ चाललाय असं वाटून पिटुकली खदखदून हसली. आईनं तिला गादीवर आडवं केलं. तिथून फक्त छत दिसत होतं. पिटुकलीनं हात आपटले. गादीवर आवाज झाला नाही. तिनं पुन्हा आपटले.

आई ओल्या फडक्यानं खुर्ची पुसू लागली. सांध्यासांध्यात बोट घालून पुसत होती.

"राहू द्या, मी पुसते," ताई म्हणाल्या.

"नको. दुसऱ्याच्या घरी जायचीय."

टेम्पोवाला वर आला आणि खुर्ची खांद्यावर टाकून उतरला. ताईही मागोमाग निघाल्या. अर्धा जिना उतरल्यावर वरून हाक आली.

"ताई! त्यांना सांगा, डावा पट्टा दोन बोटं सैल ठेवा. घट्ट झाला की काखेत काचतो."

"सांगते."

"तो मुलगा बोलतो का?"

"नाही."

"मग आठवणीनं सांगा." आई कठड्यावरून वाकली होती. "आमची रडायची, आणि मला वाटायचं, हिला खुर्चीच नको आहे. कळायला मला तीन महिने लागले."