स्लिपरचा तुकडा

बाबा गेल्यावर त्यांची जुनी, उघडी स्पोर्ट्स कार मी अहेरीला आणली. पण तिला जोरच नव्हता. मिस्त्री कय्यूमभाऊंनी प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला. बॉनेटखाली हात घालून त्यांनी एक्सिलरेटरची तार ओढली, तशी गाडी गरजली. "इंजन बढिया हाये, बाई. आता आतून दाबा." मी पेडल दाबलं, पुन्हा तीच मरगळ. त्यांनी पायाशी वाकून चटई उचलली. खाली लाकडी फळीवर निळ्या स्लिपरचा तुकडा ठोकलेला होता. पेडल त्याच्यावरच अडत होतं. स्लिपर बाबांची. जायच्या आधी चावी हातात देताना ते म्हणाले होते, "हळू चालव माय, जंगलाचा रस्ता हाये." "काढून फेकू काय?" कय्यूमभाऊंनी विचारलं. कालच वळणावर रानगवा आडवा आला होता. गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली होती. "नाई भाऊ," मी म्हटलं, "एक खिळा ढिला झाला. तेवढा ठोकून द्या."