पाळणा हलला

सकाळी अकरा वाजता प्रयोगशाळेच्या फ्रीझरच्या खोलीतून बाळाचं रडणं ऐकू आलं.

शास्त्रज्ञ बाईचा हात जागीच थांबला. तिच्या आजीला, मग मामाला आणि आता आईला स्मृतिभ्रंश झाला होता. तिघांनाही सगळ्यात आधी रिकाम्या खोलीत बाळ रडताना ऐकू आलं होतं. "पाळणा हलला," असं घरात म्हणायचे. मामा तर हसत म्हणायचा. त्याच आजाराचं जनुक ती शोधत होती. स्वतःचं रक्त मात्र तिने कधी तपासलं नव्हतं.

"अहो मॅडम, बाळ कोणी आणलंय आत?" शेजारच्या टेबलावरचे तंत्रज्ञ म्हणाले. "गारठेल की बिचारं!"

तिला हसूच फुटलं. यांनाही ऐकू येतंय, म्हणजे आपण सुटलो.

दोघं आत गेली. खोलीत कोणीच नव्हतं. रडणं आईच्या रक्ताचा नमुना ठेवलेल्या फ्रीझरमधून येत होतं.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. घरून आई बोलत होती. आईला फोन लावता येईनासा होऊन वर्ष उलटलं होतं.

"किती रडवतेस गं त्याला!" आई म्हणाली. "थांब, मी घेते."

फ्रीझर गप्प झाला. फोनमधून बाळाचे हुंदके येऊ लागले.